वेगळी चूल, एकच देव्हारा

भोर शहराला लागून असलेल्या उत्रोलीत किंवा नीरेच्या खोऱ्यातील तशाच कोणत्याही गावात, ज्या घरी विशी-पंचविशीचा मुलगा आहे, त्या घरी आज एक प्रश्न मुक्कामाला आलेला असतो. मुलगा शिरवळच्या औद्योगिक पट्ट्यात पाळीवर जातो किंवा पुण्यात नोकरी करतो. रोजची ये-जा जीव काढते आणि भाड्याची खोली पगार खाते. लग्न ठरत असेल, तर मुलीकडची मंडळी पहिल्याच बैठकीत विचारतात, ''मुलगा पुण्यात राहणार की गावी?'' लग्न झालेले असेल, तर तोच प्रश्न माजघरात हलक्या आवाजात विचारला जातो. आईवडील तो ऐकूनही न ऐकल्यासारखे करतात. वडिलोपार्जित घरातून बाहेर पडायचे की नाही, हा निर्णय असा महिनोन्महिने लांबत राहतो आणि मग एखाद्या क्षुल्लक भांडणाच्या दिवशी, संतापाच्या भरात, दहा मिनिटांत होऊन जातो.

खरे दुखणे येथे आहे. कुटुंबे मोडतात ती घर सोडल्याने नव्हे, तर ते ज्या रीतीने सोडले जाते त्या रीतीने. आपल्या समाजात या प्रश्नावर दोन तयार उत्तरे फिरत असतात. पहिले उत्तर असे की, एकत्र कुटुंब हाच हिंदू जीवनपद्धतीचा पाया असून वेगळा निघालेला मुलगा संस्कारांना पारखा झाला. दुसरे उत्तर असे की, प्रत्येकाचे आयुष्य त्याचे स्वतःचे आहे. वयात आलेल्या माणसाने घराबाहेर पडावे, मागे वळून पाहू नये. पहिले उत्तर सोपे आहे, कारण ते भाकरीचा हिशेब मांडत नाही. दुसरेही सोपे आहे, कारण ते ऋणाचा हिशेब मांडत नाही. उत्रोलीच्या तरुणाला मात्र दोन्ही हिशेब एकाच रात्री मांडायचे असतात.

भाकरीचा हिशेब

महाराष्ट्रातील शेतकऱ्याची सरासरी जमीनधारणा १९७०-७१ साली ४.२८ हेक्टर होती. २०१५-१६ च्या कृषिगणनेत ती १.३४ हेक्टरवर आली. ही राज्याची सरासरी झाली. भोर आणि वेल्ह्याच्या डोंगरउतारावर जमीन म्हणजे प्रामुख्याने भाताची खाचरे. इंद्रायणीचा सुवास कितीही दरवळला, तरी एका पावसाळी पिकावर तीन भावांचे तीन संसार उभे राहत नाहीत. आजोबांच्या काळी जे शेत सगळ्यांना पोसत होते, ते नातवांच्या काळी एकालाही पुरते पोसत नाही. हा कुणाच्या संस्कारांचा दोष नव्हे. हे साधे अंकगणित आहे.

२००१ ते २०११ या दशकात पुणे जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ७२ लाखांवरून ९४ लाखांवर गेली. त्याच दशकात त्याच जिल्ह्यातील वेल्हे तालुक्याची, म्हणजे आजच्या राजगड तालुक्याची, लोकसंख्या घटली. स्वराज्याची पहिली राजधानी ज्या डोंगरावर उभी राहिली, त्या मावळातून माणूस खाली उतरतो आहे. येळवंडी नदीवरचे भाटघर धरण १९२० च्या दशकात पूर्ण झाले. त्या पाण्यावर खाली बारामती, इंदापूर, फलटण, माळशिरसचे मळे पिकले. वरच्या खोऱ्यातला तरुणही पाण्यामागोमाग खाली जात राहिला. धरणात ज्यांची घरे बुडाली, त्यांना घर सोडायचे का, असे कुणी विचारले नव्हते. आजच्या पिढीला निदान निवडीची संधी आहे. ती विचारपूर्वक वापरणे हे तिचे कर्तव्य ठरते.

उत्रोलीच्या परिसरात औद्योगिक वसाहत व्हावी, ही भोरकरांची जुनी मागणी आहे. तिचा संबंध केवळ रोजगाराशी नाही. कारखाना घराजवळ असता, तर किती तरी मुलांना घर की नोकरी असा प्रश्नच पडला नसता. कुटुंबव्यवस्था टिकावी असे ज्यांना मनापासून वाटते, त्यांनी केवळ व्याख्याने देऊन भागत नाही. काम गावाच्या अंतरात आणण्यासाठीही त्यांनी झटले पाहिजे.

इतिहासाची साक्ष

घराबाहेर पडणे म्हणजे कुटुंब मोडणे, असे मानणाऱ्यांनी आपल्याच इतिहासाकडे पाहावे. शहाजीराजे बंगळुरात, थोरले चिरंजीव संभाजीराजे वडिलांपाशी, तर जिजाऊसाहेब आणि बाल शिवराय पुणे जहागिरीत. भोसल्यांचे हे घर एका छपराखाली नव्हते. मध्ये शेकडो कोसांचे अंतर होते. १६४८ साली आदिलशाहीने शहाजीराजांना कैद केले. त्या वेळी शिवराय नुकतेच स्वराज्याची घडी बसवीत होते आणि हाती आलेला प्रत्येक गड त्यांना प्राणाहून मोलाचा होता. तरीही वडिलांच्या सुटकेसाठी १६४९ साली त्यांनी कोंढाणा सोडला. गड पुढे परत घेता येईल, पिता परत मिळणार नाही, एवढा स्वच्छ हिशेब त्यामागे होता. एका घरात राहूनही वडिलांच्या औषधाचे पैसे कुणी द्यायचे यावर वाद घालणारे भाऊ आणि शेकडो कोसांवरून वडिलांसाठी गड सोडणारा पुत्र, यांपैकी एकत्र कुटुंब कोणते?

शहाजीराजांबरोबर त्या कैदेत कान्होजी जेधेही होते. भोर तालुक्यातील कारी गावचे हे देशमुख. सुटकेनंतर शहाजीराजांनी त्यांना मावळात शिवरायांच्या पाठीशी उभे राहण्यासाठी धाडले. चाकरीसाठी दूर गेलेला माणूस अधिक मोठे कर्तव्य घेऊन आपल्या मातीत परतला. अफजलखान चालून आला, तेव्हा १६५९ साली याच कान्होजींनी वतनावर पाणी सोडून महाराजांची साथ केली. त्या काळी वतन म्हणजे घराण्याचा प्राण. वतनाच्या वाटणीवरून भाऊ भावाच्या जिवावर उठल्याच्या नोंदी मावळातील देशमुख घराण्यांच्या कागदपत्रांत जागोजागी आढळतात. कान्होजींचे मोठेपण या पार्श्वभूमीवरच पुरते कळते.

इतिहासाने दुसरी बाजूही दाखवून ठेवली आहे. शहाजीराजे १६६४ साली निवर्तले. कर्नाटकातील त्यांची दौलत धाकट्या व्यंकोजीराजांकडे राहिली आणि वाटणीचा विषय तेरा वर्षे तसाच पडून राहिला. १६७७ साली दक्षिण दिग्विजयाच्या वेळी तिरुमलवाडीस दोघे भाऊ भेटले, पण मन मोकळे झाले नाही. व्यंकोजीराजे रात्रीतून निघून गेले आणि पुढे दोघांच्या फौजा एकमेकांशी लढल्या. अखेर व्यंकोजीराजांच्या पत्नी दीपाबाई यांच्या समजूतदारपणाने तह झाला. महाराजांनी बंगळूरचा मुलूख दीपाबाईंना चोळीबांगडीसाठी दिला आणि पुढे खिन्न झालेल्या भावाला वडीलकीच्या नात्याने पत्र लिहून पुन्हा उद्योगाला लागण्यास सांगितले. यातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. लांबवलेली वाटणी छत्रपतींच्या घरालाही सुखाची झाली नाही. आणि वाटणी झाल्यावरही थोरल्याचे थोरलेपण संपत नाही.

एकत्र म्हणजे नेमके काय?

इरावती कर्वे यांनी १९५३ साली भारतातील नातेसंस्थेवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. एकत्र कुटुंबाची लक्षणे सांगताना त्यांनी एक छप्पर, एक चूल, समाईक मालमत्ता, समाईक देवपूजा आणि परस्परांतील नाते यांचा उल्लेख केला. पुढे समाजशास्त्रज्ञ आय. पी. देसाई यांनी गुजरातमधील महुवा येथील कुटुंबांचा अभ्यास केला. तो १९६४ साली प्रसिद्ध झाला. एका छपराखाली न राहणारी माणसेही पैसा, कर्तव्य आणि अधिकार यांच्या धाग्यांनी एकत्र बांधलेली असतात, हे त्यांनी दाखवले. म्हणजे कर्वे यांनी सांगितलेल्या लक्षणांपैकी छप्पर आणि चूल ही दोन गेली, तरी उरलेली टिकू शकतात. उलटही खरे आहे. छप्पर एक असून देवपूजा, कर्तव्य आणि माया वाटून गेलेली घरे प्रत्येक गावात दिसतात. एकाच ओट्याला मध्ये भिंत घातलेली घरे काही शहरात नसतात, ती खेड्यांतच असतात.

पंडित दीनदयाळ उपाध्याय यांनी एप्रिल १९६५ मध्ये मुंबईत एकात्म मानवदर्शनावर चार व्याख्याने दिली. व्यक्ती, कुटुंब, समाज आणि राष्ट्र ही एकमेकांना छेद देणारी नव्हे, तर एकमेकांतून विकसित होणारी रूपे आहेत, असा त्यांचा विचार आहे. त्या विचाराने पाहिले, तर मुलाचा विकास आणि कुटुंबाचे हित यांत मुळात वैर नाही. वैर उत्पन्न होते ते संवाद थांबल्यावर. दीनदयाळजी स्वतः लहानपणी आईवडिलांना पारखे झाले. मामांच्या घरी वाढले. संघकार्याला सर्वस्वी वाहून घेण्याचे ठरवल्यावर १९४२ साली त्यांनी मामांना सविस्तर पत्र लिहून आपल्या निर्णयामागची भूमिका मांडली. ज्यांनी वाढवले त्यांना न दुखावता, पण न फसवताही, आपण कोणत्या वाटेने आणि का जात आहोत हे सांगणे, यालाच विवेक म्हणतात. मुलाची वाट राष्ट्रकार्याची नसून पुण्यातील नोकरीची असली, तरी आईवडिलांना विश्वासात घेण्याचे कर्तव्य तेच राहते.

सुनेच्या माथी खापर

वेगळे होण्याचा निर्णय कुणाचाही असो, गावात त्याचे खापर सुनेच्या माथी फुटते. वास्तविक पाळी कारखान्याची असते, भाडे घरमालकाचे असते, निर्णय मुलाचा असतो. आणि ''तिने घर फोडले'' हे वाक्य तिच्या वाट्याला येते. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१६ मध्ये कर्नाटकातील एका प्रकरणात असे म्हटले की, सबळ कारण नसताना पतीला आईवडिलांपासून वेगळे होण्यासाठी सतत भाग पाडणे ही क्रूरता ठरू शकते. वृद्ध आईवडिलांचा सांभाळ हे मुलाचे कर्तव्य आहे. हा निर्णय अनेकांनी उत्साहाने उचलला. पण त्यातील 'सबळ कारण नसताना' हे शब्द तितक्याच लक्षपूर्वक वाचायला हवेत. चार वर्षांनी, ऑक्टोबर २०२० मध्ये, त्याच न्यायालयाने सासरच्या ज्या घरात सून नांदली, त्या घरात राहण्याचा तिचा हक्क व्यापक अर्थाने मान्य केला. डिसेंबर २०२० मध्ये त्याने हेही स्पष्ट केले की, ज्येष्ठांसाठीचा कायदा वापरून सुनेचा निवाऱ्याचा हक्क सरसकट डावलता येणार नाही. दोन्ही कायद्यांचा मेळ घालावा लागेल.

न्यायालयाला जो तोल साधावा लागतो, तो घराने आधी साधायला हवा. ज्या घरात सुनेला मत विचारले जात नाही, त्या घरातून ती बाहेर पडू पाहते, यात नवल नाही. आणि जी सून सासू-सासऱ्यांकडे केवळ अडगळ म्हणून पाहते, तिलाही उद्या सासू व्हायचे आहे. माहेरच्या आईवडिलांचाही विचार याच ओघात यावा. विवाहित मुलीवरही आईवडिलांच्या पोषणाची जबाबदारी असते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८७ सालीच सांगितले आहे. जबाबदारी मुलगा आणि मुलगी दोघांची असेल, तर घराच्या निर्णयात आवाजही दोघांचा हवा.

निघण्यापूर्वी काय ठरावे?

वेगळे राहणे अटळ असेल, तर ते भांडणाआधी ठरावे. रागाच्या दिवशी घेतलेला निर्णय बरोबर असला, तरी त्याची जखम पिढीभर राहते. आईवडील धडधाकट असताना, सणासुदीच्या निमित्ताने सगळे भाऊबहीण जमले असताना हा विषय निघावा आणि काही गोष्टी स्पष्ट शब्दांत ठराव्यात.

पहिली गोष्ट आईवडिलांची. ते कोठे राहतील, हे त्यांनाच विचारावे. ''चार महिने याच्याकडे, चार महिने त्याच्याकडे'' अशी आईवडिलांची पाळी लावणे हा त्यांचा अपमान आहे. गावच्या घरात त्यांचा ओटा आहे, शेजार आहे, मारुतीचे देऊळ आहे. शहरातील दोन खोल्यांत त्यांना यांतले काहीच मिळत नाही. ते गावी राहणार असतील, तर दरमहा खर्च कुणी किती द्यायचा, दवाखान्यात कुणी धावायचे, हे आधी ठरावे. जो भाऊ गावी राहतो आणि रात्री-अपरात्री उठतो, त्याचे श्रमही वाटणीतच धरावेत. शहरातून पैसे पाठवणारा भाऊ मोठा आणि आईला उठवून बसवणारा लहान, हा हिशेब चुकीचा आहे.

दुसरी गोष्ट कागदपत्रांची. नात्यात कागद कशाला, हा भाबडेपणा अनेक घरांना महागात पडला आहे. सातबाऱ्यावर वारसांची नावे लावून घ्यावीत. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम ८५ अन्वये शेतजमिनीची रीतसर वाटणी करून घेता येते. मात्र तुकडेबंदीचा १९४७ चा कायदा लक्षात ठेवून. महाराष्ट्राने १९९४ साली आणि देशाने २००५ साली मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला. वडील २००५ मध्ये हयात नसले तरी हा हक्क जात नाही, हे २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने निःसंदिग्धपणे सांगितले. म्हणून बहिणीला केवळ हक्कसोडपत्रावर सही करण्यापुरते बोलावू नये. तिने हक्क सोडला, तर तो प्रेमाने आणि समजून सोडलेला असावा. न सोडला, तर तिचे माहेर तुटू नये. गावठाणातील घरांसाठी २०२० पासून स्वामित्व योजनेखाली मोजणी होऊन मालमत्ता पत्रके दिली जात आहेत. त्यावर कुणाचे नाव लागते, याकडे सगळ्यांचे लक्ष असावे.

आईवडिलांनीही एक सावधपणा बाळगावा. मायेच्या भरात हयातीतच सगळे मुलांच्या नावे करून रिकाम्या हाताने बसू नये. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्यातील कलम २३ नुसार, सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळ न झाल्यास परत मिळवता येते; पण त्यासाठी ती अट कागदावर असणे हिताचे. हा अविश्वास नव्हे. रामायणापासून आपली परंपरा दिलेल्या शब्दाला मोल देत आली आहे; शब्द लिहून ठेवल्याने त्याचे मोल कमी होत नाही.

तिसरी गोष्ट देव्हाऱ्याची. कुळधर्म, कुलदैवताचे टाक, गौरी-गणपती, पितृपक्ष, गावची जत्रा यांची वाटणी करू नये. टाक थोरल्याकडे राहोत किंवा गावच्या घरी, गौरी-गणपतीला सगळ्यांनी एकाच घरी जमावे. आजोबांच्या तिथीला मुंबई-पुण्याच्या नातवंडांनी गावच्या ओट्यावर पंगतीला बसावे. चुलत भावंडे जत्रेत एकत्र हिंडली, तर पुढची पिढी एकमेकांना केवळ वाटणीच्या दाव्यातील वादी-प्रतिवादी म्हणून ओळखणार नाही. राष्ट्रीय स्वयंसेवक संघाने २०२५ मध्ये शताब्दी पूर्ण करताना पंच परिवर्तनाचे जे सूत्र मांडले, त्यात कुटुंब प्रबोधनाला स्थान आहे. आठवड्यातून एकदा सर्वांनी एकत्र भोजन, भजन आणि गप्पा, हा त्यातील साधा आग्रह. भिन्न गावी राहणाऱ्या भावांना आठवड्याचे जमणार नाही. महिन्याचे खचित जमेल. शिरवळहून वा पुण्याहून उत्रोलीला येणे हा काही परदेशप्रवास नव्हे.

जगाने केलेली चूक

ज्या देशांनी घराबाहेर पडणे हाच मोठे होण्याचा मार्ग मानला, ते आज काय करीत आहेत? ब्रिटनने २०१८ साली एकाकीपणाच्या प्रश्नासाठी मंत्री नेमला. २०२१ साली जपाननेही तसेच केले. २०२३ साली जागतिक आरोग्य संघटनेला सामाजिक संबंधांवर आयोग नेमावा लागला. माणसाची विचारपूस करायला शासनाचे खाते लागावे, ही संपन्नतेची नव्हे, दारिद्र्याची खूण आहे. आपल्याकडे ती वेळ अजून सर्वत्र आलेली नाही. पण आपण त्याच रस्त्यावर आहोत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार भारतातील एका घरात सरासरी ४.४ माणसे राहतात. घरे लहान होणे आता थांबणार नाही. लहान घरांतील माणसांची मने लहान होणार नाहीत, एवढे मात्र आपल्या हाती आहे.

जो तरुण आज उत्रोलीतून बिऱ्हाड हलवण्याचा विचार करीत आहे, त्याने अपराधी वाटून घेण्याचे कारण नाही. बेफिकीर होण्याचा अधिकारही त्याला नाही. राहणे शक्य असेल, तर नुसत्या दिमाखासाठी घर सोडू नये. जाणे आवश्यक असेल, तर रात्रीतून निघून जाऊ नये. देवापुढे आणि आईवडिलांपुढे डोके टेकवून, सर्वांना सांगून, दिवसाउजेडी निघावे. आईवडिलांनीही मुलाला अडवून न ठेवता निरोप द्यावा, म्हणजे परत येण्याची वाट त्याला मोकळी राहील. सुनेला त्या निर्णयात मानाने बसवावे, बहिणीला विसरू नये. घराच्या भिंती वाटता येतात, शेताचे बांध घालता येतात, चुली दोन काय चार मांडता येतात. आईवडिलांचे ऋण मात्र सातबाऱ्यावर चढत नाही आणि फेरफाराने उतरतही नाही. ते प्रत्येक अपत्याकडे पूर्णच्या पूर्ण येते.